कालव्याकाठचं ताट

मोरगावच्या मयूरेश्वराला तुमच्यापैकी बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील. अष्टविनायकाची यात्रा तिथूनच सुरू करायची रीत. दर्शन घ्यायचं, नारळ वाढवायचा, कऱ्हेला पाणी आहे का ते बघायचं (बहुतेक वेळा नसतंच) आणि गाडी परत फिरवायची. पण या खेपेला परत फिरू नका. तसंच पुढे बारामतीला चला आणि तिथून पालखीच्या रस्त्यानं इंदापूरला. दोन दिवस पुरतात. बघायला काय आहे म्हणाल, तर मोरोपंतांची बारामती आहे, इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे, उजनीचं पाणी आहे, त्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आहेत. मी मात्र तुम्हाला वाटेवरच्या घरांतली ताटं दाखवणार आहे. आजीचं ताट निराळं, सुनेचं निराळं, नातवाचं तर ताटच नाही, नुसता पुडा! हे असं का झालं, ते या रस्त्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

मैत्रिणींनो, या विषयावर आपल्याकडे एकच रेकॉर्ड वाजते. सासूबाई म्हणतात, ‘हल्लीच्या मुलींना भाकरी थापायला नको.’ सून म्हणते, ‘पोरंच खात नाहीत, मी काय करू?’ पोरं काही म्हणत नाहीत, ती पुडा फोडून मोकळी होतात. बारामती-इंदापूरकडे आलात की या भांडणात एक तिसरा पक्ष दिसायला लागतो, तो म्हणजे पाणी. इथं ताट बदलण्याआधी पाणी बदललं, आणि कुठं बदललं ते तुम्हाला गाडीच्या खिडकीतूनही दिसतं.

मोरगाव, सुपे, उंडवडी हा बारामती तालुक्याचा कोरडा भाग. सह्याद्रीनं ढग अडवून धरले की उरलंसुरलं इकडं येतं. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईलच असं नाही. असल्या रानात भरवशाची एकच, ती बाजरी. तीन महिन्यांत हाताशी येते. तिच्या जोडीला हुलगा, मटकी, आणि रब्बीला शाळू. म्हणून इथल्या जुन्या माणसांचं जेवण म्हणजे भाकरी आणि कोरड्यास. थंडीत हुलग्याचं माडगं किंवा लसणाच्या पाण्यातली शेंगोळी, उन्हाळ्यात आंबील किंवा ताक-कण्या, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाजी म्हणजे बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा, तो उन्हाळ्यात उपयोगी पडे. भात सणाला, गूळ पाहुण्याला.

बारामती जवळ आली की रस्त्याच्या कडेचा रंग बदलतो. ऊस सुरू होतो. हा निरा डाव्या कालव्याचा प्रताप! भाटघरच्या धरणाचं पाणी वाहून आणणारा हा कालवा १८८५ साली सुरू झाला. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ त्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता, आणि ज्वारी-बाजरी वाचावी, माणसं जगावीत, हा कालव्यांमागचा एक मोठा हेतू. पण पाणी आलं की शेतकऱ्याच्या मनात ऊस येतो. सगळं पाणी उसानंच पिऊ नये, भुसार पिकांनाही मिळावं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धत बसवली. तरी शेवटी जिंकला कोण, ते तुम्ही रस्त्यानं जाताना बघालच. आधी गुऱ्हाळं होती, मग कारखाने आले. १९३० च्या दशकात वालचंदनगरला, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथं सहकारी.

बारामतीत माझ्या चुलत नणंदेचं घर आहे. तिथं मी मुक्कामाला होते, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराबद्दलच सांगते. नणंदबाई, म्हणजे ताई, पंचावन्नच्या. त्यांच्या सासूबाई एकोणऐंशीच्या. ताई त्यांना इकडच्या रिवाजाप्रमाणे ‘आत्या’ म्हणतात. ताईंची सून सत्तावीस वर्षांची, एमआयडीसीत नोकरीला. ती ताईंना ‘मम्मी’ म्हणते. (बघा, हाका मारण्यातसुद्धा तीन पिढ्या!) तिला पाच वर्षांचा मुलगा, आणि दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना.

संध्याकाळी सात वाजता ओट्यावर काय चाललं होतं? आत्यांसाठी दोन मऊ चपात्या, दुधात कुस्करायला. ताईंच्या मालकांना मधुमेह, म्हणून त्यांना ज्वारीची भाकरी आणि मेथी. पोराला नूडल्स. मुलगा उशिरा कामावरून येणार, त्याला भात-आमटी लागतेच. चार तऱ्हेचा स्वयंपाक आणि बाई दीड, कारण सून साडेसहाला कामावरून येऊन पाय वर करून बसली होती आणि डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. तिचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं.

मला वाटलं, आता आत्या सुरू होणार, ‘आमच्या वेळी बाजरी खायचो, म्हणून…’ पण आत्या गालातल्या गालात हसत दूध-चपाती खात होत्या. म्हटलं, ‘आत्या, तुम्ही भाकरी सोडली?’

‘दात कुठायत? आन् खरं सांगू का बाई, भाकर काय आवडीनं नव्हतो खात. हुती म्हणून खायचो.’

मग त्यांनी बहात्तरचं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात त्या पंचविशीच्या होत्या. सासर जिरायत गावातलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. ‘लाल भाकर व्हायची त्याची. थापाय गेलं की चिरायची, फुगायची तर न्हाईच. पोरं रडायची आन् खायची.’ गव्हाची चपाती त्यांच्या लहानपणी कुणाला? जावयाला आणि आजाऱ्याला. पुढं मुलगा साखर कारखान्यात लागला, बिऱ्हाड बारामतीत आलं आणि घरात गव्हाचं पोतं आलं. ‘त्या दिवशी मला वाटलं, आता आपलं बरं चाललंय.’

ऐकताय ना? आपण ज्याला ‘भाकरी विसरली’ म्हणतो, त्याला त्या पिढीतली बाई ‘बरं चाललंय’ म्हणते. आणि जातं? पुणे जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजारोंनी गोळा केल्या, हे मोठंच काम झालं. त्या ओव्या ऐकताना आपले डोळे भरून येतात. मी आत्यांना तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘आयकायला बऱ्या. पहाटं चारला उठून दोघी जावा वढायचो, तवा कमरंत काय व्हायचं ते ओवीत न्हाई.’

तेव्हा बाजरी घरातून गेली ती सुनेच्या आळसानं गेली, हे मला पटत नाही. उसाला पाणी मिळालं, बाजरीची राखण करायला माणूस मिळेना (गोफण घेऊन माळ्यावर उभं राहायला आता कोण पोरगं तयार होतं?). बैल गेले, ट्रॅक्टर आले, मग कडब्यासाठी ज्वारी पेरायचं कारणही अर्धं संपलं. १९९५ पासून शाळेत पोषण आहाराचे तांदूळ सुरू झाले, पुढे शिजवलेली खिचडी आली. पोरांच्या जिभेला भाताची सवय सरकारनंच लावली म्हणा ना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाले, आणि २०२३ पासून त्या कार्डांवर ते फुकट मिळू लागले. घरात फुकट गहू असताना बाजरी विकत घेऊन दळून आणणारी बाई मला दाखवा!

पण म्हणून नुकसान झालं नाही का? झालं. त्या पोरीचं हिमोग्लोबिन आठ आहे हे विसरून चालणार नाही, आणि ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत चोपन्न जणींना रक्त कमी निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत बघा. शंभर ग्रॅम बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर, गव्हाच्या पिठात चारच्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’नं मिळून लोह आणखी जास्त असलेली ‘धनशक्ती’ नावाची बाजरीही काढली आहे. महाराष्ट्रात ती २०१२ पासून आहे. आता यावरून ‘चला, गोळ्या बंद, भाकरी सुरू’ असं कुणी करू नका. धान्यातलं सगळंच लोह अंगी लागत नाही. गरोदरपणात डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायच्याच. पण जेवणात लिंबू पिळलं किंवा वर पेरू खाल्ला तर लोह जास्त लागू पडतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. या घरात जेवणानंतर चहा ठरलेला होता. तो आता ताईंनी तासभर पुढं ढकलला आहे, एवढं मी नक्की करून आले.

आणखी एक. त्या रात्री शेवटी जेवायला बसल्या त्या ताई. त्यांच्या ताटात काय होतं सांगू? पोरानं टाकलेल्या नूडल्स, आत्यांची उरलेली अर्धी चपाती आणि तळाची आमटी. मेथी संपली होती. पिढ्या बदलल्या, धान्यं बदलली, पण उरलेलं कुणी खायचं हे काही बदललेलं दिसलं नाही. मालकांना मी तोंडावर विचारलं, ‘दाजी, ताईंचं रक्त कधी तपासलं?’ ते म्हणाले, ‘तिला काय झालंय?’ आठवड्यानं फोन आला. नऊ पूर्णांक दोन.

बारामती सोडण्याआधी एमआयडीसीवरून चक्कर मारा. आत सोडत नाहीत, पण बाहेरून बघा. इथल्या डेअरीचं चीज मॅकडोनाल्डच्या भारतातल्या बर्गरमध्ये गेलं. फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना इथं २०११ साली सुरू झाला. पोरं ज्याच्यासाठी दुकानासमोर लोळण घेतात ते खेळणंवालं ‘किंडर जॉय’चं अंडं इथं बनतं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांचा खाऊ बाजरीच्या तालुक्यातून जातो. आत्यांच्या पणतूला ते अंडं आपल्याच गावचं आहे याचा भारी अभिमान. आतलं खेळणं तो ठेवतो, गोड चाटून संपवतो आणि जेवायला बसत नाही.

दुधाचीही तीच कथा. पूर्वी घरचं दूध म्हणजे विरजण, ताक, लोणी, तूप. शेजारणीला ताक फुकट द्यायचं. विकलं तर लोक नावं ठेवायचे. आता सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जातं, त्याचं बिल येतं, त्यावर पोरांच्या शाळेची फी निघते. हे बिल पुष्कळ घरांत बाईच्या कष्टाचं असतं, तेव्हा त्याला नावं मी ठेवणार नाही. पण ताक मात्र घरातून गेलं, आणि ताकाबरोबर कण्या गेल्या, कढी गेली, आंबील गेली. दुकानात पिशवीतलं ताक मिळतं. आत्या त्याला ‘पांढरं पाणी’ म्हणतात.

आता इंदापूरच्या रस्त्याला लागा. हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडीला पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला घोड्याचं गोल रिंगण. आषाढीच्या आधी आलात तर बघायला मिळेल, पण गर्दीत पोरं सांभाळा. या वाटेवर पूर्वी घराघरांतून भाकरी गोळा व्हायच्या आणि दिंडीला पिठलं-भाकरी घातली जायची. अजूनही ठिकठिकाणी घालतात. पण भाकऱ्यांच्या दुरडीशेजारी आता बिस्किटांचे खोके, केळी, वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या असतात. तरुण मंडळांना ते सोयीचं पडतं. वारीतली म्हातारी माणसं बिस्किटं घेतात, पिशवीत टाकतात आणि भाकरीच्या रांगेत उभी राहतात.

भवानीनगरजवळ मळीचा वास आला की काचा वर करू नका. याच वासावर इथली दोन पिढ्यांची लग्नं झाली. कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळते. दिवाळीच्या तोंडावर ती घरात येते, आणि घरात आली की खपते. आजीच्या वेळी गुळाचा चहा होता, त्याआधी तर नुसतं गूळ-पाणी. सुनेच्या वेळी चहा पाच वेळा झाला, शिरा झाला, गुळाच्या पुरणात निम्मी साखर आली. आता त्याच घरांत मधुमेहाला ‘साखर झाली’ म्हणतात. ताईंचे मालक दिवसाला तीन मोठ्या भाकऱ्या खाऊन निर्धास्त असतात, कारण ज्वारी ‘चालते’. चालते, पण मोजून! ज्वारीतही पिष्ट असतंच की.

जंक्शन नावाच्या गावावरून वालचंदनगरला फाटा जातो. वेळ असेल तर वळा. कारखान्याची आखीव वसाहत बघण्यासारखी आहे. मग अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर. वाटेत डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागा आहेत. हंगाम असेल तर पेरू इथंच रस्त्यावर घ्या, वर सांगितलंच आहे कशासाठी.

इंदापूरहून पुणे-सोलापूर रस्त्यानं मागं भिगवणकडे यायचं. उजवीकडे उजनीचं पाणी सोबतीला असतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. पाण्याखाली गावं गेली, भीमाकाठची शाळूची काळी जमीन गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं. ते बघायला लोक येतात आणि फोटो काढतात. ज्यांची घरं गेली ती म्हातारी माणसं तिथं थोडा वेळ नुसती उभी राहतात.

आणि ज्या पाण्यानं शाळू नेला त्यानं मासा आणला. कटला, रोहू, मरळ, चिलापी. भिगवणला मासळीचा बाजार भरतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मच्छी थाळीच्या पाट्या आहेत. गंमत अशी, की इथल्या आज्यांकडे या माशांची कृतीच नाही! धरणाआधी एवढा मासा होता कुठं? कित्येक म्हातारी माणसं माळकरी, त्यांच्या चुलीवर तो चढलाच नाही. सुनांनीच तो शिकून घेतला. मी खाल्लेला रस्सा चवीला थेट मटणाच्या वाटणासारखा होता, म्हणजे शिकल्या त्या कशावरून हे ओळखता येतं. झणझणीत आहे, पोरांना देताना जपून.

त्या थाळीबरोबर बाजरीची भाकरी येते, चुलीवरची. पाटीवर तसं मुद्दाम लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला तीन बायका भाकरी थापत होत्या, रोजावर. एकीला विचारलं, ‘घरी करता का?’ ती काठवटीतून मान वर न करता म्हणाली, ‘घरी चपाती. इथं दोनशे थापल्यावर घरी कोण थापतंय?’ शेजारच्या टेबलावर पुण्याची कॉलेजातली पोरं भाकरीचे फोटो काढत होती. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून त्यांच्या तोंडी ‘मिलेट’ हा शब्द बसला आहे. त्यांनी भाकरी चवीनं खाल्ली हो, आणि आणखी मागवली.

कुंभारगावला रोहित बघायचे असतील तर डिसेंबर ते मार्च बरा, आणि पहाटे होडीत बसा. तिथं काही घरांत जेवणाची सोय होते, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

येताना बाजरी आणणार असाल तर दोन-तीन किलोच आणा, आणि दळण त्याहून थोडं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असतो, म्हणून आठ-दहा दिवसांत ते कडवट होतं. शहरात भाकरी ‘आवडत नाही’ याचं निम्मं कारण हे शिळं पीठ आहे. पिठाला चिकटपणा कमी वाटला तर कडकडीत पाणी घालून थोडी उकड काढा, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेनं भरपूर मळा. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायला विसरू नका.

भिगवणहून बारामती पाऊण तासाची वाट. गाळपाच्या दिवसांत संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता चालतात, तेव्हा उजेड असतानाच निघा.